बर्फखान्यातली लेक

अणदूर,
५ नोव्हेंबर १९६७

सक्कू,

पत्र पोचलं. पाकिटावरचं राणीचं तिकीट या वेळी तिरकं लागलं होतं, तरी तुझ्या अम्मींनी ते पोस्टमनच्या हातातच ओळखलं. अक्षर त्यांना वाचता येत नाही, पण राणी कळते. राणी आली की त्या उठून भिंतीपलीकडे आपल्या घरात जातात आणि कापसाचं पिंजण हातात घेतात. मी इकडून मोठ्याने वाचायला लागले की पिंजणाच्या तांतीचा आवाज बारीक होतो, वाचून संपलं की पुन्हा मोठा होतो. तुझी पत्रं यायला लागली तेव्हापासून हे असंच चाललंय. त्या ऐकतात असं मी कधी म्हणत नाही. त्याही म्हणत नाहीत.

तू विचारलंस, भिंत मध्ये असताना ऐकू कसं जातं. तू हैदराबादेत कॉलेजात होतीस तेव्हाची ही गोष्ट, त्यामुळे तुला ठाऊक नाही. पोलीस ॲक्शनच्या त्या भाद्रपदात, मुसलमानांची घरं हुडकत जमाव फिरत होता तेव्हा, आप्पांनी आमच्या धान्याच्या खोलीची मागची भिंत पहारीने फोडली आणि तुझ्या अम्मींना, माझ्या चाचींना, पोत्यांच्या मागून आत ओढून घेतलं. ते भगदाड नंतर कुणी बुजवलंच नाही. आता त्यातून विस्तव जातो, भाकरी येते, मांजर जातं, बोलणं येतं. आप्पा गेले, आई गेली, शिवप्पादादा सोलापूरला निघून गेला. भगदाड आहे.

पत्र मी तीनदा वाचलं. उर्दू अजून वाचता येतं, तिथं अडलं नाही. एका बाकावर बसायचो तेव्हाही तुला एकदा वाचून समजायचं ते मला तीनदा वाचूनच समजायचं. मला कळलं ते असं. चुकलं तर हस.

प्रत्येक जिवाच्या आत बारीक धाग्यांचा पीळ असतो, दोन धागे एकमेकांभोवती. त्याला तुम्ही डीएनए म्हणता. ते धागे सुटे करून, तुकडे करून पाण्यात सोडले, तर ते एकमेकांना सापडत नाहीत, कारण पाणी फार आणि तुकडे थोडे. म्हणून तू ती नळी गोठवतेस. पाण्याचा बर्फ होतो, आणि बर्फ आपल्यात परकं काही ठेवून घेत नाही. क्षार असो, धागा असो, सगळं बाहेर ढकलतो. ते सगळं बर्फाच्या कणाकणांमधल्या फटीत, जे थोडं पाणी गोठायचं राहिलेलं असतं त्यात, दाटीवाटीने जमतं. तिथं तुकड्याला तुकडा भेटतो. मग तू नळी वितळवतेस आणि पुन्हा गोठवतेस. काही तुकडे जुळलेले सापडतात. कदाचित. हा शब्द तू पानात पाच ठिकाणी लिहिलायस, आणि तुमच्या साहेबांना हे पटत नाही असंही.

हे सगळं मी मोठ्याने वाचलं. पलीकडे तांत थांबली. पार थांबली. मला वाटलं, चाचींना काही झालं. भगदाडातून डोकावले तर त्या मांडीवर कापूस घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, “म्हंजी बर्फखान्यात हाय व्हय.”

“कोण, चाची?”

“कोन बी असू दे,” म्हणाल्या आणि पिंजायला लागल्या.

संध्याकाळी आडावर सगळ्या गल्लीला कळलं होतं, की अजीजाबीची लेक विलायतेत बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे. चाचींनी एकदा सोलापूरला बर्फाचा कारखाना पाहिला होता. तिथं बायका गोणपाट गुंडाळलेल्या हातांनी लाद्या ओढत होत्या. त्यांच्या डोळ्यांपुढे तू तशी उभी राहिलीस.

पत्राच्या शेवटी, कडेच्या जागेत तू जे विचारलंयस ते वाचलं. अम्मी तुझ्याकडे येतील का. तुझा पासपोर्ट पाकिस्तानचा, तुला इथं येऊ देणार नाहीत, म्हणून त्यांनीच यायचं. ते वाचलं त्या वेळी तांत मोठ्याने वाजत होती. म्हणून तेवढं मोठ्याने वाचायचं राहिलं. पुढच्या पत्रात लिहिते.

तुझी,
रुद्रा


अणदूर,
१३ डिसेंबर १९६७

सक्कू,

परवा पहाटे धरणी हलली. उतरंड खडखडली, मांजर ओरडलं, आणि मी अंथरुणात उठून बसेपर्यंत चाची भगदाडातून इकडे आल्याही होत्या. मला घट्ट धरून उभ्या राहिल्या. हलणं थांबलं तरी सोडेनात. आणि मग म्हणाल्या, “सक्कूकडं बी हाललं असंल का गं?”

पंचायतीच्या रेडिओने नंतर कोयनेचं सांगितलं, तिकडे फार माणसं गेली. मी ते नीट ऐकलं नाही. माझ्या कानात तेवढंच वाजत होतं. सक्कूकडं. ‘याल तर मी तुमची लेक, नाहीतर लेक म्हणू नका’ असं तू कराचीहून लिहिलंस, ते त्यांना मीच वाचून दाखवलं होतं. तेव्हापासून त्यांच्या तोंडून तुझं नाव मी ऐकलं नव्हतं. त्यांनी तुझा शब्द पाळला, एवढंच. तुम्ही दोघी सारख्याच आहात, हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं.

आणि आणखी एक. त्या रजई करताहेत. कुणी मागितलेली नाही. कापूस स्वतः निवडून घेतला, आडत्याशी भांडून. खोळ लाल, आतून हिरवी. मी विचारलं, “कुणाची चाची?” म्हणाल्या, “बर्फात हात घालून ऱ्हायाचं म्हंजी हाडं गारठत्यात. माझ्याच्यानं बघवत न्हाय.” जणू त्या तुला रोज बघतातच.

मी समजावलं की बर्फखाना नाही, प्रयोगशाळा आहे, बर्फ बोटभर नळीत असतो, आणि खोलीत गरम हवा सोडतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “इत्तं शिकून बोटभरच बर्फ करती?”

शेजारच्या सारजाबाई तर मजाच घेतात. काल आडावर म्हणाल्या, “काय गं अजीजा, लेक बर्फ इकती म्हणं विलायतेत? आमच्या तुक्याच्या लग्नाला धाड म्हणावं एक लादी.”

चाची म्हणाल्या, “लादी कशाला, हिमालय धाडते. आधी तुक्याला पोरगी तर मिळू दे.”

आपला खंडोबा पालखीतून नळदुर्गाच्या देवळात मुक्कामाला गेला. दरवर्षी जातो तसाच. पण लहानपणी आपण पालखीमागे वेशीपर्यंत पळायचो, आणि परत येताना तू विचारायचीस की आता देवळात कोण राहणार. आता मी वेशीपर्यंत जात नाही. शाळेच्या पायरीवरूनच हात जोडते. मग ते दिवस गाव जरा मोकळं मोकळं वाटतं. घरातलं मोठं माणूस परगावी गेल्यासारखं.

तुझ्या प्रश्नाचं भूकंपाच्या गडबडीत राहिलं. रागावू नकोस. रजई पुरी होऊ दे, मग विचारते.

तुझी,
रुद्रा


अणदूर,
२१ जानेवारी १९६८

सक्कू,

तुझं पत्र फक्त चार ओळींचं. ‘रुद्रा, विचारलंस का? नसशील तर का नाही?’ त्याचं उत्तर याच पत्रात आहे, पण शेवटी. आधी बर्फाचं ऐक.

सातवीच्या मुलीही मला विचारायला लागल्या, बाई, अजीजाचाचीची लेक बर्फ विकते का. तेव्हा मी ठरवलं, एकदा दाखवूनच टाकू. सोलापूरच्या गाडीचे कंडक्टर बंडप्पा ओळखीचे आहेत. त्यांना सांगून अर्धी लादी मागवली, भुशात घालून, वर दोन गोणपाटं. गाडी थांबली तेव्हा बंडप्पा घामाघूम होऊन उतरले. “बाई, पुन्यांदा असलं काम सांगू नगा. शिटाखालनं पाणी वाहाया लागलं. एक बाई म्हनती तुमच्या पोरानं केलं, दुसरी म्हनती तुमच्या. नळदुर्गापस्तोर पदर खोचून भांडत आल्या.”

“मग तुम्ही सांगितलं नाही, बर्फ आहे म्हणून?”

“सांगितलं की! तर म्हनत्यात, मग आमाला का न्हाय दिला.”

उरलेला बर्फ फोडला, त्यात खडे मीठ कालवलं आणि मधे जर्मनचा पेला ठेवला. पेल्यात पाणी आणि दौतीतल्या शाईचे थोडे थेंब. पाणी सगळं सारखं निळं झालं होतं. पोत्याने झाकून ठेवलं आणि मुलींना पाढे म्हणायला लावले. चाचींना मी मुद्दाम बोलावलं होतं. त्या दाराशी उकिडव्या बसल्या, डोक्यावरून पदर घेऊन, इन्स्पेक्टर आल्यासारख्या.

पेला पालथा करून बर्फाचा गोळा ताटलीत काढला. सक्कू, तू हे रोज बघत असशील. मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. कडेचा बर्फ पांढरा, जवळजवळ काचेसारखा. आणि सगळी शाई आत, मधोमध, गाठीसारखी गच्च. काळीच दिसत होती. मी मुलींना सांगितलं, पाणी गोठताना शाईला आत ढकलत गेलं, तिला दुसरी जागाच ठेवली नाही. अशाच दाटीत सकिनाबाई आपले धागे भेटवतात.

मुली बर्फ चाटायला धावल्या. शाईमुळे सगळ्यांच्या जिभा निळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी दोन पालक भांडायला आले.

चाची मात्र ताटली मांडीवर घेऊन बसून राहिल्या. बर्फ वितळत गेला, शाई पुन्हा पाण्यात पसरली. त्या बघत होत्या. घरी येताना म्हणाल्या, “त्या खोलीवानी हाय.”

कुठली खोली ते विचारायची गरज नव्हती. बाहेर सगळं गाव गोठलेलं, आणि आम्ही पोत्यांच्या मागे एवढ्याशा जागेत. आप्पा, आई, शिवप्पादादा, मी, चाची. कुणाचा गुडघा कुणाच्या पाठीत. खोकला आला तर आईच्या पदरात तोंड खुपसायचं. तुझे अब्बा रजया पोचवायला उस्मानाबादला गेलेले होते. ते येतील म्हणून चाची बाहेर कान लावून बसायच्या. अब्बा आले नाहीत. त्यांचं काय झालं ते आजही कुणी सांगितलेलं नाही.

चाची म्हणाल्या, “त्या खोलीत तुझी आई मला भन झाली. तवर निस्ती शेजारीन व्हती.”

मी म्हटलं, “पण शिवप्पादादाही त्याच खोलीत होता.”

दादा त्यानंतर आमच्याशी नीट बोललाच नाही. आप्पांनी आपल्या सगळ्यांचा जीव धोक्यात घातला, परक्यासाठी, असं म्हणून तो सोलापूरला गेला तो गेलाच. म्हणजे एका फटीत आले ते सगळेच जुळतात असं नाही. तूही तसंच लिहिलं होतंस, की दाटीत चुकीच्याही गाठी पडतात, आणि त्या सुटाव्यात म्हणूनच पुन्हा वितळवावं लागतं. नुसतं गोठवून भागत नाही. मी ते वाक्य आज परत काढून वाचलं.

घराच्या उंबऱ्याशी चाची थांबल्या. “रुद्री, एक इचारू? सक्कू एवढाले कागद लिवती, राणीला पैसे भरती. निस्तं बर्फाचं सांगायला कोन एवढा खर्च करतं? ती मागती काय?”

तेव्हा मी सांगितलं. उंबऱ्यातच. ‘ती तुम्हाला बोलावते.’ माझा आवाज बरा निघाला, तू काळजी करू नकोस.

त्या आत गेल्या. त्या दिवशी तांत वाजली नाही.

का नाही विचारलंस, असं तू विचारतेस. सक्कू, संध्याकाळी शाळेतून आले की मी कुलूप काढायच्या आधीच पलीकडून आवाज येतो, “आलीस व्हय?” बाकी काही नाही. एवढंच.

तुझी,
रुद्रा


अणदूर,
१० मार्च १९६८

सक्कू,

तुझ्या अम्मी येतील. पण त्यांच्या अटी आहेत.

तुझी रजई पुरी झाली. ती पार्सलने धाडावी म्हणून मी पोस्टात विचारायला गेले, तर त्यांनी वजन करून जे पैसे सांगितले ते ऐकून चाची म्हणाल्या, “एवढ्यात तर म्याच जाईन की.” पोस्टमास्तर हसले. मीही हसले. त्या हसल्या नव्हत्या.

मग आठवडाभर काही नाही. दार उघडायचं, दार लावायचं. तुला माहीत नसेल, पण चाची त्यांचं पुढचं दार रोज दिवस उगवताना सताड उघडतात आणि दिवेलागणीपर्यंत उघडंच ठेवतात. पाऊस असो, ताप असो. दोन दिवस माझ्याबरोबर तुळजापूरला लग्नाला चला म्हटलं तरी आल्या नव्हत्या. “सक्कूचे अब्बा आले आन् दार बंद दिसलं तर?” तू कराचीला बोलावलंस तेव्हा त्या का आल्या नाहीत, याचं सगळं उत्तर त्या दारात होतं. त्यांना तुला ते लिहिता आलं नाही. माझ्याकडून लिहून घ्यायला त्यांना लाज वाटली. मी तेव्हा वीस-पंचविशीची, मला काय कळत होतं.

तर परवा देवळासमोरून येत होतो. देव नळदुर्गाहून परत आलेला. चाची पायरीशी थांबल्या आणि म्हणाल्या, “ह्यो बरं करतो.”

“कोण?”

“ह्योच की, तुमचा खंडोबा. दोन गावं संभाळतो. हितले मानकरी आन् तितले मानकरी बसत्यात, कधी न्यायचं, कधी आनायचं ते ठरवत्यात, इडा घेत्यात. कुनाचं मन मोडत न्हाय. देवाला जमतं तर मला न जमायला काय झालं?”

“चाची, देव पालखीतून जातो. तुम्हाला विमानातून जावं लागेल.”

“मग माझं वरचढ झालं.”

आणि खरंच त्यांनी करार केला, सक्कू. भगदाडाच्या अलीकडे मी, पलीकडे त्या. तुझ्या बाजूने मानकरी म्हणून त्यांचा पुतण्या जाफर सोलापूरहून आला होता. अणदूरच्या बाजूने कोण, तर सारजाबाई. मला वाटलं होतं त्या टर उडवतील. पण त्या डोक्यावर पदर घेऊन बसल्या आणि कडक भांडल्या. जाफर म्हणाला वर्षभर. सारजाबाई म्हणाल्या, “वरीसभर? आमचा देव तरी ऱ्हातो का वरीसभर नळदुर्गाला? एवढी मानसं हायेत तिथं, तरी न्हाय.” शेवटी ठरलं ते असं. उन्हाळा आणि पावसाळा चाची तुझ्याकडे. तिकडची थंडी त्यांना सोसणार नाही, म्हणून थंडी अणदूरला. मार्गशीर्षात देव नळदुर्गाला निघायच्या आत त्या परत. म्हणजे गाव एकदम रिकामं व्हायला नको. हे शेवटचं सारजाबाईंनी घातलं.

माझ्याकडे काम आलं ते दाराचं. दिवस उगवताना उघडायचं, दिवेलागणीला लावायचं. चाचींनी मला शपथ घातली नाही. फक्त म्हणाल्या, “आजारी पडलीस तर सारजाला सांग. पर उघडं ऱ्हायलं पायजे.”

मग मी विडा दिला. त्यांनी घेतला. जाफरच्या डोळ्यात पाणी आलं, तो म्हणाला पानात चुना जास्त झाला.

पासपोर्टासाठी तो मुंबईला खेटे घालणार आहे. तू तुझ्या बाजूचे कागद धाड.

तुझी,
रुद्रा


अणदूर,
२ जून १९६८

सक्कू,

हे पत्र त्यांच्या नंतर पोचेल. जाफरने त्यांना विमानात बसवल्याची तार आली.

इथून निघाल्या त्या सकाळी बंडप्पांचीच गाडी होती. त्यांनी चाचींना पुढची खिडकी दिली आणि रजईचं गाठोडं बघून म्हणाले, “ह्यातनं पाणी न्हाय ना गळायचं?” सारजाबाईंनी धपाटे बांधून दिले. गाडी सुटेपर्यंत त्या ओरडत होत्या, “हिमालय इसरू नगंस!”

निघताना चाचींनी मला आत बोलावलं. खाटेवर आणखी एक रजई अंथरलेली होती. खोळ निळी, कापूस भरलेला, आणि बरोबर मध्यापर्यंत दोरे घातलेले. मधे सुई तशीच टोचलेली, दोऱ्यासकट. त्या केव्हा करत बसल्या होत्या कोण जाणे. मी भिंतीला भिंत लावून राहते, मला कळलं नाही.

“ही तुझी. निम्मी झाली. निम्मी आल्यावर.”

“चाची, एका दिवसाचं काम होतं, करून जायचं होतंत.”

“करून गेले असते तर तू निवांत झाली असतीस. आन् म्या बी.” मग माझ्या हनुवटीला धरून म्हणाल्या, “दुसऱ्या कुनाला हात लावू द्यायचा न्हाय. करारात हाय हे.”

करारात नव्हतं. पण मी मान डोलावली.

त्या उतरल्या असतील त्या विमानतळावर तू त्यांना ओळखलंस का? त्या फार वाकल्या आहेत आता. तू कशी दिसतेस ते मला ठाऊक नाही. आधी कोण बोललं, ते लिही. त्यांना गोड चहा लागतो, आणि त्या तुझ्यावर ओरडल्या तर ओरडू दे.

तुझी,
रुद्रा


अणदूर,
८ डिसेंबर १९६८

सक्कू,

तुझं पत्र आलं. राणी पाहून उठून भिंतीपलीकडे जायला कुणी नव्हतं, म्हणून मीच उठले, भगदाडातून पलीकडे गेले आणि पिंजणाशेजारी बसून वाचलं. मोठ्यानेच वाचलं. सवय आहे.

चाचींच्या छातीत कफ आहे, डॉक्टर म्हणतात थंडीत प्रवास नको, एप्रिलनंतर बघू. डॉक्टरांचं ऐका. करार मोडला असं मी समजत नाही. नदीला पाणी आलं तर पालखीसुद्धा थांबतच असेल. सारजाबाई चिडल्या होत्या, त्यांना मी समजावलं.

त्यांनी तुझी प्रयोगशाळा पाहिली आणि साहेबांना ‘बर्फ बारीक हाय’ असं मराठीत सांगितलं, ते वाचून मी एकटीच हसले. आता साहेबांनाही थोडं पटायला लागलंय म्हणतेस. कदाचित, असं तूच पुढे लिहिलं आहेस. बरं आहे. घाई करू नकोस. आणि तुम्ही दोघी एका रजईत झोपता, त्यांना घोरायची सवय आहे आणि तुलाही, हे तू पानभर लिहिलंस. ते पान मी दोनदा वाचलं.

इथून पुढचं त्यांना वाचून दाखव. हळू वाच. त्या मधेच उठून गेल्या तर थांबू नकोस. त्या ऐकत असतात.

चाची, दार रोज उघडते. एकदा ताप होता तेव्हा सारजाबाईंनी उघडलं, आणि पुढे खुर्ची टाकून दिवसभर बसल्या, कुणी आलं तर चुकायला नको म्हणून. तुक्याचं लग्न ठरलं. मुलगी माकणीची. सारजाबाई म्हणतात अजीजाला कळवा, आता हिमालय लागणार. तुमच्या मांजराला दोन पिल्लं झाली, ती तुमच्या कापसात झाली, मी हाकलली नाहीत. देव गेल्या पंधरवड्यात नळदुर्गाला गेला. या वेळी मी वेशीपर्यंत गेले होते. बंडप्पा रोज विचारतात, म्हातारी कधी. मी बरी आहे. शाळा बरी आहे. थंडी यंदा फार नाही. औषध वेळेवर घ्या आणि सक्कूशी भांडण झालं तर रात्रीच्या आत मिटवा, पुन्हा वीस वर्षं घालवायला आता तुम्ही दोघीही तरुण नाही.

सक्कू, आता वाचणं थांबव. उरलेलं तुझ्यासाठी आहे.

थंडी आहे. फार आहे. पहाटे त्यांचं दार उघडायला जाते तेव्हा कडी हाताला बर्फासारखी लागते. रजई मी घेते. खांद्याकडून दोरे पडलेत तेवढा भाग उबदार आहे. पायांकडे कापूस मोकळा आहे, तो रात्रभरात एका कोपऱ्यात गोळा होतो आणि पायांवर नुसती खोळ उरते. सकाळी झटकून सारखा करते, रात्री पुन्हा तसंच. सारजाबाई दोनदा म्हणाल्या, आण इकडं, तासाभरात दोरे घालून देते. दुसऱ्यांदा त्यांनी हातात घेतलीसुद्धा होती. मी काढून घेतली. जरा जोरातच.

तू एप्रिल लिहिलंयस आणि पुढे काही लिहिलं नाहीस. ते मी विचारत नाही. मी जेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर टाळत होते तेव्हा तू मला तीन महिने दिलेस, मीही देते.

सुई अजून तिथंच आहे, जिथं त्यांनी टोचली. गंजू नये म्हणून दर शुक्रवारी न्हाणं झालं की काढते, केसांतल्या तेलातून फिरवते आणि त्याच भोकात परत टोचते.

तुझी,
रुद्रा